उष्टा बा

हौसाक्काच्या खानावळीत चार नंबरच्या टेबलाखाली मंगळवारी सकाळी एक शब्द पडलेला सापडला, आणि तो ओला होता.

केर काढताना खराट्याला चिकटूनच आला. हौसाक्कानं आधी उंदराचं पिल्लू समजून पायातली चप्पल काढली. मग वाकून बघितलं. आकारानं चिंचोक्याएवढा, पण चोखून टाकलेल्या आंब्याच्या कोयीसारखा सगळ्या अंगानं केसाळ, कोमट, गिळगिळीत. त्याच्याकडे बघितलं की तो आपोआप कळायचा. बा. एवढाच. एक अक्षर आणि त्याला एक काना. हौसाक्का पहिली अर्धी शिकलेली. तिला शाळेतून काढली त्या दिवशी बाई फळ्यावर ब गिरवून घेत होत्या, म्हणून हा शब्द तिला लागला. भ असता तर लागला नसता.

"शी," ती म्हणाली आणि तिनं ओठ मुडपले. "कुणाच्या तोंडातनं पडलंय हे?"

ओठ मुडपण्यात हौसाक्काचा हात धरणारी बाई सगळ्या इचलकरंजीत नव्हती. यंत्रमागांच्या गल्लीत तेहतीस वर्षं खानावळ चालवली, दोन पाळ्यांच्या कामगारांना जेवू घातलं, पण वाढताना पळी कधी ताटाला लागू दिली नाही. वरूनच धार. पळी चुकून लागलीच तर ती पळी त्या दिवसापुरती बाद. पाणी पितानाही तांब्या वीतभर उंच. न्हातीधुती झाल्यापासून तिच्या ओठाला भांडं शिवलेलं नव्हतं, हे ती ओळख झाल्यावर तिसऱ्या वाक्यात सांगायची. नवऱ्याचं उष्टं तिनं लग्नाच्या पंगतीतसुद्धा खाल्लं नाही. नुसता घास हातात धरून बसली, आणि मांडवातल्या बायका हसल्या तेव्हा म्हणाली, "हसा. तुमची तोंडं हायत."

असल्या बाईच्या खराट्याला ते लागलं होतं. तिनं सांडशी आणून तो शब्द उचलला, एका वाटीत टाकला आणि वर दुसरी वाटी पालथी घातली. खालून चोखल्यासारखा आवाज येत राहिला.

घरात चिंता मात्र वेगळीच होती. हौसाक्काची नात शरू अडीच वर्षांची झाली तरी एक शब्द बोलली नव्हती, आणि आता तिचं तोंड मिटत चाललं होतं. हौसाक्का रोज सकाळी आजऱ्याच्या घनसाळ तांदळाचे दाणे तिच्या ओठांवर ओळीनं मांडून माप घ्यायची. गणपतीत सात दाणे बसत होते. मंगळवारी पाच बसले. मुलांच्या डॉक्टरनं टॉर्च मारून बघितलं होतं आणि हात धुवत सांगितलं होतं, "वापरलं नाही की मिटतं. एक शब्द आत गेला तर थांबेल. घरात आणखी कुणाला आहे का हे?"

"आमच्या घरात सगळ्यांची तोंडं जागच्या जागी हायत," हौसाक्का म्हणाली होती.

डॉक्टरनं तिच्या तोंडाकडे थोडा वेळ बघितलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

सून पद्मजा गप्प बसणारी नव्हती. आदल्याच रविवारी तिनं माहेरच्या बागेतून पोपटानं टोचलेला पेरू आणला होता. उशिरा बोलणाऱ्या पोराला पोपटाचं उष्टं चारतात, तिच्या माहेरी सगळ्यांना चारलं होतं, म्हणून तर ती एवढी बोलत होती. हौसाक्कानं पेरू हुंगला, त्यावरचा चोचीचा खड्डा बघितला आणि गटारात फेकला. "माझी नात पाखराची थुंकी खाणार न्हाई."

"मग काय खाणार आत्या?" पद्मजा म्हणाली होती. "उद्या खायला भोक ऱ्हायलं न्हाई म्हंजे?"

मंगळवारी पद्मजानं पालथी वाटी उचलून आत बघितलं आणि शरूला कडेवर घेऊन ती वाटीपाशी आली. शरूचे ओठ थरथरले. हौसाक्कानं घाईघाईनं दाणे लावले. साडेपाच.

"बघितलंसा? हाच घाला हिच्या तोंडात."

"हात लावू नगंस," हौसाक्का म्हणाली. "कुणाच्या तोंडातला हाय ते कळू दे आधी. धुतल्याशिवाय तर न्हाईच न्हाई."

दुपारी पहिली पाळी सुटून माणसं जेवायला बसली, तेव्हा तिनं सांडशीत धरलेला शब्द सगळ्यांपुढं फिरवला. "कुणाचा पडलाय?"

"माझा की अक्का," माग दुरुस्त करणारा अथणीचा जॉबर बसवराज म्हणाला. "आमच्या कानडीत बा म्हणजे ये. रोज लागतोय." आणि तिनं नको म्हणायच्या आत त्यानं तो सांडशीतून उचलून तोंडात टाकला, गालात इकडून तिकडे फिरवला आणि म्हणाला, "बा."

लोणच्याची बरणी आली. समोरचं बाकडं आलं. त्यामागची भिंतही आली, साधारण वीतभर, आणि कॅलेंडर थोडंसं हलून थांबलं.

"माझाच," बसवराज म्हणाला, शब्द तोंडातून काढून त्यानं लुंगीला पुसला आणि ताटाच्या कडेला ठेवला. त्याला आता मिसरी आणि शेंगाचटणी लागलेली होती.

"ना ना, ई त हमार ह," शेजारचा बिहारी रामदरश म्हणाला. तो सुताच्या कांड्या भरायचा आणि कमी बोलायचा. "हमनी किहाँ बा माने बा. है." त्यानं शब्द तोंडात घेतला. त्याचा खोकला हौसाक्काला गेल्या पावसाळ्यापासून माहीत होता. "दाल बा," तो म्हणाला, आणि हौसाक्कानं नुकतंच खरवडून पालथं घातलेलं पातेलं डाळीच्या वजनानं खाली बसलं. "भात बा." भात होता. "माछी बा," तो जरा घाबरून म्हणाला, कारण माशी त्याला डाळीत दिसली होती, की म्हटल्यामुळं झाली होती, हे त्याला सांगता येईना.

सुताचे दलाल जिग्नेशभाई हळवे झाले. त्यांनी शब्द नुसता जिभेवर ठेवला, मिटल्या डोळ्यांनी. "बा," ते म्हणाले. त्यांची आई मोरीतून पदराला हात पुसत बाहेर आली. तिला जाऊन नऊ वर्षं झाली होती. ती मुलाच्या शेजारी बसली, ताट पुढं ओढलं, डाळीचा एक भुरका मारला आणि हौसाक्काकडे वर बघून म्हणाली, "दाळमां गोळ नथी."

"ह्या गल्लीत डाळीत गूळ घालत न्हाईत," हौसाक्का म्हणाली. मेलेल्या बाईशी वाद घालावा लागला याचं तिला काही वाटलं नाही. डाळीला नाव ठेवलं याचं वाटलं.

शेवटी राहिले लिऊ. नव्या मागांबरोबर आलेले हे चिनी मेकॅनिक मराठीतले चार शब्द बोलायचे: थोडं, बास, तिखट आणि अक्का. त्यांनी जिग्नेशभाईंच्या तळहातावरून शब्द दोन बोटांनी नीट उचलला, तोंडात ठेवला, अंगठा आणि पहिलं बोट ताणून दाखवलं आणि म्हणाले, "बा."

त्यांच्या भाषेत ते आठ होतं. जिग्नेशभाईंच्या आया आठ झाल्या. बाकड्यावर मावेनात, तेव्हा चौघी बाकड्यावर आणि चौघी उभ्या, आणि आठहीजणी एकाच सुरात म्हणाल्या की डाळीत गूळ नाही.

शब्द परत वाटीत पडला तेव्हा त्याला मिसरी, खोकला, कुणाच्या तरी दातात अडकलेली बडीशेप आणि एक पांढरा केस लागलेला होता. "अक्का, बास," लिऊ हसून म्हणाले. हौसाक्कानं ओठ इतके आत ओढले की बाहेर नुसती रेघ राहिली.

बुधवारभर ती शब्द धूत होती. राखेनं घासला. लिंबानं चोळला. चुलीवर आधण ठेवून त्यात उकळला. पाण्यावर तेलाचा तवंग आला आणि त्यातून वेगवेगळ्या तोंडांचा वास एकेक करून निघाला, सकाळचा, दुपारचा, तापातला, उपासाचा. पाणी चार वेळा बदललं. चौथ्या पाण्यातून काढला, फडक्यावर ठेवला, कोरडा होईल म्हणून वाट बघितली. तो ओलाच राहिला. पाणी निथळून गेलं होतं. हा ओलावा आतून येत होता.

"आत्या, दाणे चार," पद्मजा दारातून म्हणाली. तिनं शरूला चमच्यानं डाळीचं पाणी पाजायचं सोडून कापसाची वात घेतली होती. वात भिजवायची, ओठांच्या फटीत धरायची, पोर चोखायची. "आणखी किती धुणार? बारशाची चादर हाय व्हय ती?"

"तुझ्या माहेरच्यासारखं न्हाई आमच्यात," हौसाक्का म्हणाली. "नवा आणतो. कोरा. कुणाच्या तोंडात न गेलेला."

गुरुवारी ती बाजारात मलगोंडा भांडीवाल्याकडे गेली. लग्नाच्या भांड्यांवर नावं घालायचं मशीन त्याच्याकडेच होतं, आणि मुलांच्या उष्टावणाच्या वाट्यासुद्धा अख्खं गाव त्याच्याकडूनच न्यायचं. हौसाक्कानं शब्दाची पुडी फळीवर ठेवली. "ह्यातलाच, पण नवा दे. कागदात गुंडाळलेला."

मलगोंडानं तो उचलायचं सोडून चष्मा वर केला. "कोरा शब्द येत न्हाई, अक्का. हा सगळा माल मोडीतला."

"एखादा तरी असंल आत. माणसाला बघून काढतोस तू. मला ठाऊक हाय."

त्यानं मागचा ड्रॉवर ओढला. आत शब्द ओळीनं मांडलेले होते, लहानमोठे, आणि सगळे ओले. झोपेतून उठलेल्या माणसाच्या तोंडासारखा वास दुकानभर पसरला. एक बाई चमचे बघत होती ती पदर नाकाला लावून निघून गेली. मलगोंडानं ड्रॉवर लावला.

"हाच चांगला हाय तुमचा," तो म्हणाला. "चार गावचं पाणी प्यालेला. हे बघा, खाली नावं घातल्यात." त्यानं शब्द चिमट्यानं उलटा केला. खालच्या अंगाला वाटीच्या बुडावर असतात तशी नावं होती, एकावर एक, ओळखू न येणारी, वेगवेगळ्या लिप्यांतली. त्यांच्या मधोमध दातांचे व्रण होते. वरचे दोन, खालचा एक, लहान.

"हे कुणा पोरीचे," मलगोंडा म्हणाला. "पहिला चावा. बाकीची नावं ह्या चाव्याच्या भोवतीनं पडल्यात." त्यानं हौसाक्काच्या तोंडाकडे बघितलं. "वरचा एक दात जरा आत वळलाय. तुमचा वळलाय तसाच."

"माझा न्हाई," हौसाक्का म्हणाली आणि पदर तोंडावर घेतला.

तिला शाळेचं फाटक आठवलं. बा सायकलवर एक पाय टेकून उभा होता. तिच्या हातात ओली पाटी होती. घरी धाकटी दोन पोरं सांभाळायला कुणी नव्हतं, एवढंच कारण. तिनं पाटी शाळेतच सोडायच्या आधी एकदा 'बा' अशी हाक मारली होती, आणि बानं वळून बघितलं नव्हतं. त्यानंतर तो शब्द तिनं तोंडात घेतला नाही. बाचं मढं दारातून उचललं तेव्हासुद्धा नाही.

"किती झाले?" तिनं मलगोंडाला विचारलं.

"बघायचे काय पैशे? न्या."

ती घरी आली तेव्हा दाणे तीन होते. शुक्रवारी दोन. भिंतही थांबली नव्हती. एकदा बोलावलेली भिंत येतच राहते, हे बसवराजनंही कबूल केलं, आणि आपला इलाज नाही म्हणाला. शुक्रवारी दुपारी समोरच्या ओळीतली ताटं आणि अलीकडच्या ओळीतली ताटं एकमेकांना चिकटली. कुणाचा घास कुणाच्या ताटात पडतोय ते कळेना. हौसाक्का वरून वाढत होती, पण वरसुद्धा जागा उरली नव्हती. पळीला कुणाचा खांदा लागायचा, कुणाचा श्वास लागायचा. त्या दिवशी तिनं नऊ पळ्या बाद केल्या. जिग्नेशभाईंच्या आठ आया गेल्या नव्हत्या. त्यांचे गुडघे तिच्या गुडघ्यांना लागत होते. त्या तिच्याकडे अशा बघत होत्या, जशी ती गेली तेहतीस वर्षं ताट न संपवणाऱ्यांकडे बघत आली होती.

शनिवारी सकाळी तिनं माप घेतलं. एक दाणा. तोही घट्ट. वात आत जाईना.

पद्मजा त्या दिवशी बडबडली नाही. ती शरूला मांडीवर घेऊन ओट्यापाशी बसली आणि म्हणाली, "आता अख्खा जात न्हाई, आत्या. मंगळवारी गेला असता. आता चावून मऊ करून द्याय लागंल. चिमणी देते तसा."

"मग तू चाव की."

"मी सकाळीच बघितलं," पद्मजा म्हणाली. तिनं तोंड उघडून दाखवलं. पुढच्या दाताचा टवका उडाला होता. "माझा दात लागत न्हाई त्याला. कुणाचा लागतो ते मलगोंडा बोलला व्हता का काही?"

हौसाक्कानं पोरीकडे बघितलं. शरू नाकानं श्वास घेत होती आणि प्रत्येक श्वासाला तिच्या गळ्याच्या खाली एक खळगा पडत होता. डोळे मात्र टक्क उघडे होते, आणि ते आजीच्या तोंडावर होते.

हौसाक्कानं पदर सोडवला. लहानपणी पोरं आवळा वाटून खायची ती चिमणीच्या दातानं: मध्ये कापड धरायचं, कापडावरून चावायचं, म्हणजे उष्टं होत नाही. तिनं पदराची चौपदरी घडी केली, शब्द त्यात धरला आणि कापडावरून दात रोवले. पदर भिजला. भिजत खांद्यापर्यंत ओला झाला. उलगडून बघितलं तर शब्द होता तसाच होता, आणि पदरावर मिसरीचा डाग होता.

"पदर काढा, आत्या."

भिंत तिच्या पाठीला लागली होती. पुढं आठ आया होत्या, त्यांच्या मागं पाळीवर न जाता थांबलेले बसवराज, रामदरश, जिग्नेशभाई, लिऊ, सगळ्यांची तोंडं तिच्यापासून हातभर अंतरावर आणि सगळी थोडी उघडी.

"थोडं," लिऊ हळूच म्हणाले.

हौसाक्कानं डोळे मिटले आणि तो शब्द उघड्या बोटांनी तोंडात घातला.

आधी मिसरी लागली, मग बसवराजची शेंगाचटणी, मग रामदरशच्या छातीतला कफ, कडू, औषधाच्या गोळीसारखा. बडीशेप. पांढरा केस जिभेला गुंडाळला. तिनं चावलं. आत वळलेला दात बरोबर खड्ड्यात बसला, चावी कुलपात बसावी तसा, आणि शब्द फुटला. आतून आणखी तोंडं निघाली, तिनं कधी न बघितलेल्या माणसांची. कुणी मासे खाणारं, कुणी म्हशीचं दूध पिणारं, कुणी तापात बडबडणारं. कुणी बापाला हाक मारत होतं, कुणी आईला, कुणी कुत्र्याला, कुणी बोटं मोजत होतं. ती चावत राहिली. तिच्या डोळ्यातून आणि नाकातून पाणी येत होतं. शब्द मऊ झाला, मऊ भातासारखा, आणि सगळ्यांच्या तळाशी पाटीवरच्या पेन्सिलीची चव लागली. तिच्यामागून बाच्या चुना मळलेल्या तंबाखूची. वाईट नव्हती. हेच तिला सगळ्यात किळसवाणं वाटलं.

"झाला मऊ?" पद्मजा म्हणाली. "द्या. लवकर द्या."

पद्मजानं शरूला वर धरलं. हौसाक्का वाकली. पोरीचं तोंड तिच्या तोंडापाशी आलं, दाण्याएवढी फट, आतली जीभ पुढं येऊन फटीला टेकलेली. आता फक्त ओठ उघडायचे होते.

आपल्या तोंडातलं. आपल्या दातांखालचं, थुंकीनं भिजलेलं, दुसऱ्याच्या तोंडात. हौसाक्काच्या मनात एवढंच आलं, निमिषभर, आणि तिचे ओठ आत वळले, आजपर्यंत वळत आले तसे, पळी ताटाला लागली की, तांब्या कुणी शिवला की, मांडवात बायका हसल्या की.

"आत्या, उघडा."

हौसाक्का उघडत होती. तिनं आतून जिभेनं ढकललं. गाल फुगवले. तिच्या तोंडात तो शब्द कोमट होता, तयार होता, आणि हलत होता.

"उघडा की ओ!"

शरूनं आजीच्या तोंडाकडे बघितलं. मग हात लांब करून ओट्यावरच्या मापाच्या वाटीतून तिनं घनसाळाचा एक दाणा दोन बोटांत उचलला आणि रोज सकाळी आजी ठेवायची तसाच, अलगद, आजीच्या ओठांवर आडवा ठेवला. दाणा फटीच्या दोन्ही बाजूंनी बाहेर राहिला.